बागेतल्या नेपाळी कुटुंबांसाठी वाडीनं काय करावं? (वाटप सोडून सांगा)

सुरंगी

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरी तालुक्यातली. पावसच्या पुढे, पूर्णगडच्या बाजूला आमची वाडी. आमचा बायकांचा बचतगट आहे. उन्हाळ्यात आंबापोळी, फणसपोळी, मग आमसुलं आणि आगळ. मी कुठल्या संस्थेची नाही, भाषण करायला आलेली नाही, हे आधीच सांगून ठेवते.

दिवाळी झाली की आमच्या आंब्याच्या बागांत नेपाळी कुटुंबं कामाला येतात. पूर्वी नुसते बापये यायचे, आता बायका-पोरं घेऊन येतात. बाग साफ करायची, मोहराला फवारणी, वानरं हाकायची, मार्चपासून काढणी, पेट्या भरणं आणि रात्रभर राखण. मेअखेर हिशोब होतो आणि पाऊस लागायच्या आत ती गाडी पकडतात. अछाम, बाजुरा, कैलाली ही नावं आता आमच्या पोरांना चिपळूण-खेडसारखी पाठ झालीत.

वर्षातले सहा-सात महिने ही माणसं आमच्या वाडीत राहतात. चाकरमानी गणपतीला आठवडाभर आणि मे महिन्यात पंधरवडाभर येतो, तरी त्याचं नाव वाडीच्या पावतीबुकात असतं. यांचं नाव फक्त एका ठिकाणी असतं, पोलीस ठाण्यात. बागायतदार फोटो आणि ओळखपत्राची झेरॉक्स देऊन येतात, संपलं.

गेल्या थंडीत गावानं ब्लँकेटवाटप केलं. फोटो निघाले, बॅनर लागला, बॅनरवर ब्लँकेटपेक्षा पुढाऱ्यांची तोंडं जास्त. एका बाईनं ब्लँकेट घेतलं, नीट घडी केली आणि जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, "दीदी, गावी पैसे पाठवायला बँकेत कुणाला भेटायचं?" त्यांना घेऊन येणारा जो म्होरक्या आहे तो सगळ्यांचे पैसे रोख नेतो आणि मधे आपला वाटा कापतो. किती कापतो ते तिनं सांगितलं नाही. हसली फक्त.

तेव्हापासून हे डोक्यात आहे. ब्लँकेट मालकानंही दिलेलं असतं. जे मालक देत नाही, मुकाट्यानं घेता येत नाही आणि विकतही मिळत नाही, असं काय आहे ते मला हवंय. माझे प्रश्न असे.

मुलं. आमच्या बागेत या वर्षी शाळेच्या वयाची चार-पाच दिसतात. दिवसभर धाकट्या भावंडांना सांभाळतात. शाळा हाकेच्या अंतरावर आहे आणि पट कमी म्हणून तिची दरवर्षी धाकधूक असते! मग ही मुलं तिथे का नाहीत? कागद लागतात म्हणे. खरंच लागतात?

पैसे पाठवणं, ते वर सांगितलंच.

हिशोब. सात महिन्यांचा मेमध्ये एकदम होतो. उचल किती घेतली, तांदूळ-तेल किती धरलं, हे सगळं मालकाच्या वहीत. वही एकच.

आणि शेवटचं, आमच्या गटातच वाद लागलाय ते. दोन नेपाळी बायका म्हणतात आम्हालाही गटात घ्या, महिन्याचे पैसे भरतो. गटातली एक म्हणाली, आपल्यालाच कर्ज पुरत नाही आणि ह्या पावसाआधी निघून जाणार. दुसरी म्हणाली, आपल्या पोरांना कामं नाहीत आणि आपण बाहेरच्यांचं करत बसायचं. मी तिला एवढंच म्हटलं, तुझा एक घाटकोपरला, माझा चाकणला, मग कलमावर चढणार कोण, तू की मी?

एक अडचण लक्षात घेऊन सांगा. बाग माझ्या चुलतदिराची आहे, शेजारची त्यांच्या मेहुण्याची. भांडण काढून मला चालणार नाही. उद्या त्याच कलमांचा उतरलेला आंबा मला पोळीला हवाय.

खडूफळा

ताई, मी राजापूर तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. शाळेपुरतं मला बोलू द्या.

कागद लागत नाहीत. शिक्षण हक्क कायदा, 2009. त्याच्या कलम 14 मध्ये स्पष्ट आहे की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम 15 प्रमाणे वर्षाच्या मध्येच आला म्हणूनही नाही. कलम 4 म्हणतं, मूल वयाप्रमाणे त्या वर्गात बसवायचं आणि मागे असेल तर वेगळं शिकवून बरोबर आणायचं. दहा वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवलं की ते पुढच्या आठवड्यात पळतं. कायदा लिहिणाऱ्याला हे कळलं होतं, आपल्याकडे अजून कळवून घ्यावं लागतं. सहा ते चौदा वयाचं मूल, बस. कुठल्या देशाचं हे त्यात विचारलेलं नाही.

आता कायद्यात न लिहिलेली गोष्ट. मुख्याध्यापक नको म्हणतात ते दुष्टपणानं नव्हे. संचमान्यतेला, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरवताना, आधार जुळलेली मुलंच धरतात. आधार नसलेलं मूल वर्गात बसतं, खिचडी खातं, पण शिक्षकांच्या हिशोबात दिसत नाही. त्यामुळे "ही मुलं आली की शाळा वाचेल" असं कुणी सांगितलं तर जपून. काही वेळा वाचते, काही वेळा नुसतं काम वाढतं. तरी बसवायचीच.

तुम्ही नोव्हेंबरात विचारताय हे उत्तम झालं. फेब्रुवारीत विचारलं असतंत तर काढणी तोंडावर आली असती आणि थोरली मुलगी भावाला सांभाळायला बागेतच राहिली असती. मुलगी शाळेत येण्यातली खरी आडकाठी दाखला नसून तिच्या कडेवरचं पोर आहे. म्हणून आधी अंगणवाडी. धाकटं अंगणवाडीत बसलं की थोरली आपोआप शाळेत येते. माझ्या शाळेत हा क्रम उलटा केला तेव्हा कुणी टिकलं नाही.

भाषेची भीती धरू नका. ज्यांनी तिकडे एक-दोन वर्षं शाळा पाहिलीय त्यांना अक्षरं येतात, लिपी तीच आहे. पहिल्या दिवशी फळ्यावरचं मोठ्यानं वाचतात, अर्थ नंतर विचारतात. गणितात तर आमच्याच मुलांना मागे टाकतात.

एक गोष्ट मात्र मला सुटलेली नाही. नेपाळात शाळेचं वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला सुरू होतं. तेव्हा हे मूल आपल्याकडे आंबे मोजत असतं. आपली शाळा जूनच्या मध्यात उघडते, तेव्हा हे तिकडे. दोन्हीकडची सुरुवात हुकते, दरवर्षी. यावर मी एवढंच करतो की मेमध्ये जाताना प्रत्येकाच्या हातात शाळेच्या शिक्क्याचं पत्र देतो. कुठल्या वर्गात बसलं, किती दिवस हजर, काय येतं. तिकडच्या शाळेनं ते धरलं असं दोन-तीन मुलांनी पुढच्या वर्षी येऊन सांगितलं. आपल्या राज्यात स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं, त्याच धर्तीवर मी हे पत्र करतो.

तुमच्या शाळेत जाताना एकट्या जाऊ नका. शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना बरोबर घ्या, शक्यतो मुलाची आई पण. आई समोर उभी असली की नाही म्हणणं जड जातं.

देवगडचो

सुरंगीताय, तुमचा म्हणणा पटता, पण जरा आमची बाजू पण आयका.

मी स्वतः बागायतदार, कलमं फार नाहीत, पण घर त्यावरच. तुम्ही लिहिलंत की हिशोब मेमध्ये एकदम होतो. होतो, कारण माझाही तेव्हाच होतो. वाशीला पेटी जाते, दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब येतो, तो कधी येतो ते दलालाला माहीत. मोहर करपला, थ्रिप्स आले, अवकाळी पडला, तर औषधवाल्याचं बिलही अंगावर. अशात दर महिन्याला रोख पगार दे म्हणणं सोपं आहे.

दुसरं, पोलिसांत कागद देतो म्हणजे आम्ही त्यांना चोर समजतो असं नाही. रात्री बागेत काही झालं तर नाव-गाव कुणाला तरी ठाऊक पाहिजे. तीन वर्षांमागे शेजारच्या बागेत एक जण झाडावरून पडून दगावला. त्याचं घर कुठं, बायको कुठं, फोन कुठला, काहीच कुणाकडे नव्हतं. म्होरक्या दुसऱ्याच दिवशी गायब.

एवढं बोलून झाल्यावर, काय करता येईल ते. मी दोन वह्या ठेवतो. एक माझ्याकडे, एक त्यांच्याकडे. उचल दिली की दोन्हीत लिहायची, दोघांच्या सह्या, अंगठा असेल तर अंगठा. तांदळाचं पोतं दिलं तर किंमत त्याच दिवशी लिहायची, मेमध्ये नाही. हे मी काही समाजसेवा म्हणून करत नाही. एका वर्षी उचलीवरून तंटा झाला आणि ऐन काढणीत दोघं शेजारच्याकडे गेले, तेव्हापासून करतो. तुमच्या चुलतदिरांना हे असंच सांगा, की यात तुमचाच फायदा. दुसऱ्या वर्षी तीच माणसं परत येतात, आणि जुना माणूस म्हणजे काय ते बागवाल्याला सांगावं लागत नाही. कुठल्या कलमाचा आंबा आधी तयार होतो हे त्याला माझ्या पोरापेक्षा जास्त कळतं. घळीनं, म्हणजे काठीच्या झेल्यानं, काढताना देठ किती ठेवायचा ते पण.

पण गटात वगैरे घेऊ नका. गुंता होईल.

सुरंगी

देवगडकर काका, दोन वह्यांचं एकदम पटलं. आजच दिरांच्या कानावर घालते, आणि तुमचं नाव सांगते म्हणजे बाईनं सांगितलं असं होणार नाही.

पण पट्टीचं म्हणाल तर एक बोलू? पट्टी उशिरा येते, मान्य. दलालाची उचल मात्र बरेच जण जानेवारी-फेब्रुवारीतच घेतात, आमच्या घरीही घेतात. त्यातून औषध येतं, खोके येतात, कधी कधी गाडीचा हप्ताही जातो. त्यात राखणदाराचा महिना का बसत नाही? सगळा नको, निम्मा द्या, निम्मा मेमध्ये.

देवगडचो

बसवला तर बसेल. आता खराच सांगतय, कोणी मागूक नाय म्हणून दिलो नाय.

निवृत्त रोखपाल

पैसे पाठवण्याचं मी सांगतो, नोकरी त्यातच गेली.

भारतातून नेपाळला पैसे पाठवण्यासाठी रिझर्व्ह बँकेची एक वेगळी सोय 2008 पासून आहे. नाव भारत-नेपाळ रेमिटन्स सुविधा. एनईएफटी असलेल्या बँकेच्या शाखेतून पैसे भरायचे, ते स्टेट बँकेमार्फत नेपाळ एसबीआय बँकेकडे जातात आणि घरच्यांना नेपाळी रुपयांत मिळतात. तिकडे खातं नसलं तरी चालतं, ओळखपत्र दाखवून रोख घेता येतात. भाव ठरलेला आहे, आपले 100 म्हणजे त्यांचे 160. 1993 पासून हाच आहे. तेव्हा म्होरक्या "आज भाव पडलाय" असं सांगत असेल तर त्या बाईंना हे जरूर सांगा.

इथे खातं नसेल तर रोख भरूनही पाठवता येतात, एका वेळी 50,000 पर्यंत आणि वर्षात बारा वेळा. खातं असेल तर 2021 च्या ऑक्टोबरपासून एका वेळी 2 लाखांपर्यंत. ओळखपत्र लागतं, घेणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन लागतो. नावाचं स्पेलिंग त्यांच्या नागरिकतेच्या कागदावर, म्हणजे नेपाळी नागरिकत्वाच्या दाखल्यावर, जसं आहे तसंच लिहायचं. पैसे अडकतात ते बहुतेक इथेच.

खेड्यातल्या शाखेत ही सोय खिडकीवरच्या मुलाला ठाऊक नसते. तो "असं काही नाही" म्हणेल. घाबरू नका, शाखाधिकाऱ्याला योजनेचं पूर्ण नाव घेऊन विचारा. पहिल्या दोघा-तिघांना तुमच्या गटातल्या कुणीतरी सोबत करा. पुढे त्यांचं तेच करतील, आणि बाकीच्यांनाही नेतील.

आधारबद्दल खडूफळा यांनी लिहिलंय म्हणून जोडतो. गेल्या बारा महिन्यांत 182 दिवस भारतात राहिलेल्या नेपाळी माणसाला आधार मिळू शकतं, त्याची मुदत दहा वर्षं असते. दिवाळीनंतर आलेला माणूस मेअखेर तेवढे दिवस जेमतेम भरतो. मात्र नुसती नागरिकता पुरत नाही. पासपोर्ट नसेल तर नागरिकतेबरोबर त्यांच्या वकिलातीनं दिलेलं ओळखप्रमाणपत्र लागतं. बागेतला माणूस त्यासाठी दिल्लीत थांबणार कधी? त्यामुळे आधारपासून सुरुवात करू नका, दमाल. आणि भलत्या वाटेनं कार्ड काढून देणारे भेटतील, त्यांच्या नादी कुणाला लागू देऊ नका. त्यात कार्ड काढणाराच अडकतो.

कुणी "परदेशी माणसं, ठेवणं बेकायदा" म्हणालं तर 1950 चा भारत-नेपाळ करार सांगा. राहायला, काम करायला व्हिसा किंवा परवाना लागत नाही. जसा आपल्या माणसाला तिकडे.

मिरकरवाडा

मी नेपाळचा, डोटीकडचा. इथे बोटीवर खलाशी आहे. वडील पण इथेच होते, म्हणून मराठी येते. हे सगळं वाचलं. चांगलं वाटलं, पण दोन-तीन गोष्टी सांगतो.

बागेतला आणि बोटीवरचा एक नाही. बागेतला दसैं आणि तिहार, म्हणजे तुमचा दसरा आणि दिवाळी, घरी करून येतो. आम्ही बोटीवरचे 1 ऑगस्टला बोट सुरू होते तेव्हा आलेले असतो, दसैं आमचा समुद्रात जातो. जून-जुलै मासेमारी बंद, तेव्हा आम्ही घरी भात लावायला जातो. तुम्ही सगळ्यांना धरून काही करणार असाल तर हे ध्यानात ठेवा.

कागद. काही मालक आणि तांडेल (बोटीचा मुख्य) नागरिकतेचा कागद आपल्याकडे ठेवून घेतात, पळून जाऊ नये म्हणून. झेरॉक्स घ्या, पोलिसांना द्या, आम्हाला राग नाही. असल कागद ज्याचा त्याच्याकडे पाहिजे. बँकेत जायचं तर तोच लागतो ना.

म्होरक्या वाईटच असतो असं नाही. माझा मामा तेच काम करतो. गावाहून येताना गाडीभाडं तोच देतो, आजारी पडलं तर तोच बघतो, मालकाशी तोच बोलतो. त्याला बाजूला काढलंत आणि उद्या तुम्ही नसलात तर आमचं कोण? आधी त्याच्याशी बोला. त्याच्याशिवाय पैसे पाठवता येतात एवढं सगळ्यांना कळलं की तो आपोआप कमी कापेल.

बायकांच्या गटाचं. आमच्याकडे गावागावात आमा समूह असतो. बायका महिन्याला पैसे जमवतात, वाट दुरुस्त करतात, दारूवाल्याला दंड करतात. माझी आई त्यात आहे. त्या दोघींना गट म्हणजे काय ते शिकवायला लागणार नाही, विचारून बघा, त्याच तुम्हाला शिकवतील.

आणि सभा घेतलीत तर भाषण कमी ठेवा.

गटप्रवर्तक

मी संगमेश्वर तालुक्यात आशांची गटप्रवर्तक आहे. कामात आहे, भराभर लिहिते.

बागेत बाळ आहे कळलं की आशाला नेऊन दाखवा. लसी फुकट आहेत आणि कुठल्या देशाचं बाळ हे कुणी विचारत नाही. माता-बाल संरक्षण कार्ड बनवून घ्या आणि जाताना ते सोबत नेलंय का ते बघा. नेपाळात पण बीसीजी, पेंटा, गोवर-रुबेला हेच देतात, तिकडच्या स्वास्थ्य चौकीला तारखा कळतात. गरोदर बाई असेल तर मेमध्ये प्रवास कितव्या महिन्यात येतो ते आत्ताच मोजा. आठव्या-नवव्या महिन्यात तीन दिवसांचा रेल्वे-बस प्रवास करून जाणाऱ्या मी पाहिल्यात.

आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय. तरी ही माणसं येत नाहीत. मजुरी बुडते, आणि आपल्याशी नीट बोलणार नाहीत अशी भीती. म्हणून पहिल्यांदा कुणीतरी सोबत जावं लागतं.

साप-विंचू. हे बागेतल्या प्रत्येक माणसाला पहिल्याच आठवड्यात सांगा. फुरसं पालापाचोळ्यात बसतं, दिसत नाही. बांधायचं नाही, कापायचं नाही, पाय हलवायचा नाही, 108 ला फोन. लाल विंचू चावला तरी तेच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार शोधल्यापासून विंचवानं दगावणारे फार कमी झाले, पण माणूस वेळेत पोचला तर. बागेत नेटवर्क कुठल्या कोपऱ्यात मिळतं तेही दाखवून ठेवा, नाहीतर 108 माहीत असून उपयोग नाही.

फवारणीचं मालकांना सांगा. मास्क, हातमोजे, अंगभर कपडे, फवारल्यावर साबणानं अंघोळ. आणि औषधाच्या रिकाम्या डब्यात पाणी भरायचं नाही. मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपट्यात, बघाल तर तेच डबे असतात.

चिरेवाला

आमच्याकडे चिरेखाणीवर विजापूरकडची माणसं आहेत. नेपाळ्यांना रेशन नाही, पण कर्नाटकातल्या माणसांना आहे. एक देश एक रेशन कार्ड. गावाकडचं कार्ड इथल्या दुकानात चालतं, आधार जोडलेलं असलं की अंगठा लावून धान्य. अर्धं घर गावी असेल तर त्यांचं तिकडे, यांचं इकडे. केंद्राचं धान्य मिळतं, त्यांच्या राज्याचं जास्तीचं मिळत नाही. दुकानदार "माल कमी येतो" म्हणतो तेव्हा 14445 वर तक्रार करा. आम्ही फोन लावायला घेतला आणि माल आला.

चिरेखाणीवर अठरा वर्षांखालचा पोरगा ठेवता येत नाही, हे पण ज्यांना ठाऊक नाही त्यांनी ऐकून ठेवा.

सुरंगी

सगळ्यांचे आभार. काल रात्री गटाची बैठक होती, मोबाईलवरून हे सगळं वाचून दाखवलं. विंचवाच्या मजकुराला सगळ्या गप्प, गटाच्या मजकुराला सगळ्या एकदम बोलायला लागल्या, नेहमीप्रमाणे.

ठरलं ते असं. त्या दोघींना आमच्या नोंदणीच्या गटात घेता येणार नाही, बँकेचे कागद आणि आधार यांवर गाडं अडतं. पण बागेतल्या बायकांची वेगळी भिशी त्यांनीच चालवायची. हिशोब त्या ठेवतील, पेटी आमच्या घरी, किल्ली त्यांच्याकडे. मेमध्ये फोडून वाटून घ्यायची. आमच्यातल्या तिघींनी लगेच विचारलं, त्यात आम्हाला भरता येईल का? आपल्यालाच पुरत नाही म्हणणारी त्यात पहिली. आता बोला.

अंगणवाडी सेविकेला भेटून आले. ती म्हणाली, आणा, पण सकाळी आणून सोडायचं कोण? बागेतून अंगणवाडीपर्यंत उतरण आहे आणि मधे वहाळ. माझी सून तिच्या पोराला सोडायला जातेच, ती वाटेत सगळ्यांना घेईल. पुढच्या सोमवारपासून बघू.

दिरांना दोन वह्यांचं सांगितलं. "बघू" म्हणाले. आमच्याकडे "बघू" म्हणजे नाही असतं, पण या वेळी त्यांनी वही कुठल्या आकाराची असं विचारलं. निम्म्या महिन्याचा विषय अजून काढला नाही, तो देवगडकर काकांच्या फोनवरून काढायचा विचार आहे. काका, नंबर पाठवते, नाही म्हणू नका.

बँकेत मी आणि ती बाई बुधवारी जाणार. योजनेचं नाव कागदावर लिहून घेतलंय.

म्होरक्याशी कुणी बोलायचं यावर अडलंय. आमच्या पुरुषांपैकी कुणी बोललं तर त्याला वाटेल मालकांनी पाठवलंय. आम्ही बायका बोललो तर तो ऐकून घेईल आणि हसेल. मिरकरवाडा भाऊ, तुम्ही याल का? बागेत मांडव घालते, चहा-नाश्ता आमच्याकडून. भाषण नाही, शपथ.

मिरकरवाडा

येतो. आमच्या बोटीला शुक्रवारी सुट्टी असते, शुक्रवार धरा. मामाला पण आणतो, म्होरक्या म्होरक्याचं ऐकतो.

पण बागेत नको. बागेत कुणी तोंड उघडणार नाही, मालक पलीकडेच असतो. शाळेत ठेवा, नाहीतर देवळाच्या पडवीत. आणि संध्याकाळी सहानंतर ठेवा, दिवसा बोलावलंत तर मजुरी जाईल. राखणीला एक जण मागे लागतोच, त्याची बायको येईल.

सुरंगी

शाळा विचारते. शुक्रवार, सहानंतर. देऊळ नको, तिथे आमचीच माणसं पुढे बसतील.

खडूफळा

शाळेसाठी व्यवस्थापन समितीचं पत्र घ्या, तोंडी परवानगीवर जाऊ नका. आणि त्या संध्याकाळी एक वर्ग उघडा ठेवायला सांगा, पोरं बसतील आणि मोठ्यांना बोलता येईल. खडू फळ्याजवळ ठेवा.